वैरणीएवढ्याच गायी

हिवाळ्यात ज्याला आपल्या घरच्या वैरणीवर जेवढ्या गायी जगवता येतील, तेवढ्याच त्याने उन्हाळ्यात गावच्या सामाईक कुरणावर पाठवाव्यात. जास्त पाठवल्या तर दंड भरावा. अशा आशयाचा नियम 1517 साली स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल नावाच्या एका लहान डोंगरी गावाने लिहून ठेवला. युरोपच्या इतिहासात 1517 हे साल मार्टिन ल्यूथरच्या नावावर जमा आहे. टोर्बेलवर त्या धर्मक्रांतीचा काही परिणाम झाला नाही, गाव कॅथलिक होते ते कॅथलिकच राहिले. पण गायींचा हा नियम पुढची कित्येक शतके चालला आणि साडेचारशे वर्षांनी जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांच्या वादात साक्षीदार म्हणून उभा राहिला. नियम एका वाक्याचा आहे. त्याच्या पोटात काय काय आहे, ते उलगडून पाहावे एवढाच या लेखाचा हेतू.

आधी जागा समजून घेऊ. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला वालिस नावाचा प्रांत आहे. फ्रेंच भाषक त्याला व्हॅले म्हणतात. त्याच्या मधून ऱ्होन नदी वाहते. व्हिस्प या गावापाशी दक्षिणेकडून एक दरी येऊन तिला मिळते. मॅटरहॉर्न पाहायला झेरमाटला जाणाऱ्या आपल्याकडच्या सहलींची आगगाडी याच दरीतून वर चढते. त्या गाडीत बसल्यावर सगळ्यांची नजर समोरच्या हिमशिखरांकडे असते. उजव्या हाताला, दरीच्या पश्चिमेकडच्या उतारावर सुमारे 1500 मीटर उंचीवर टोर्बेल आहे, ते गाडीतल्या कोणाच्या ध्यानीमनीही नसते. काळपट पडलेल्या लाकडाची घरे, एक चर्च, पाचशे-सहाशे माणसे.

‘आल्प’ या शब्दाचीही फोड करायला हवी. आपण आल्प्स म्हणजे पर्वतरांग समजतो. तिथल्या शेतकऱ्याच्या बोलीत आल्प म्हणजे झाडी विरळ होते त्या उंचीवरचे उन्हाळी कुरण. बर्फ वितळल्यावर तीन-साडेतीन महिने तिथे गवत असते. उरलेले वर्षभर गुरांना खालच्या गोठ्यात उभे करून घरच्या वैरणीवर पोसावे लागते. डोंगरातली सगळी शेती, सगळे कायदे, बरेचसे संसारही या एका विषम हिशेबावर बेतलेले आहेत: थोडे दिवस गवत, पुष्कळ दिवस वैरण.

टोर्बेलची माझी ओळख पुस्तकांतून झाली, आणि तीही उलट्या क्रमाने. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यानंतर त्यांचे 1990 चे ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ हे पुस्तक आमच्यासारख्यांच्या वाचनात आले. त्यात दीर्घकाळ टिकलेल्या सामाईक व्यवस्थांच्या उदाहरणांत पहिलेच उदाहरण टोर्बेलचे आहे. ऑस्ट्रॉम यांनी ते रॉबर्ट नेटिंग यांच्या अभ्यासातून घेतले होते. नेटिंग हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ. आधी नायजेरियातल्या कोफयार या डोंगरी शेतकऱ्यांमध्ये त्यांनी काम केले, मग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते टोर्बेलला गेले. तिथल्या चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्या, जुने दस्त, जमिनीच्या नोंदी आणि चालतीबोलती माणसे या सगळ्यांतून 1981 साली त्यांचे ‘बॅलन्सिंग ऑन ॲन आल्प’ हे पुस्तक तयार झाले.

नेटिंग तिकडे जाण्याच्या थोडे आधी, 1968 च्या डिसेंबरमध्ये, गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाचा एक लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. त्यातला दृष्टान्त आता सर्वज्ञात आहे. सर्वांना मोकळे असलेले कुरण आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो, मी एक गाय वाढवली तर फायदा सगळा माझा, कुरणाची झीज मात्र सर्वांत वाटली जाणार. म्हणून प्रत्येक जण एकेक गाय वाढवत जातो आणि शेवटी कुरण उजाड होते. सरकारने ताब्यात घ्यावे किंवा खाजगी मालकी करावी, एरवी सुटका नाही, असा त्याचा रोख. हा दृष्टान्त कागदावर बिनतोड आहे. फक्त हार्डिन यांच्या कुरणावरची माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांच्या गायी मोजत नाहीत आणि हिवाळा त्यांच्याकडे येतच नाही. टोर्बेलमध्ये या तिन्ही गोष्टी होत्या. पुढे 1990 च्या दशकात हार्डिन यांनी स्वतःच मान्य केले, की आपण बोलत होतो ते व्यवस्था नसलेल्या सामाईक मालमत्तेबद्दल आणि शीर्षकात तसे म्हणायला हवे होते.

टोर्बेलचे जमिनीविषयीचे लेखी दस्त 1224 पासून मिळतात. 1 फेब्रुवारी 1483 रोजी गावकऱ्यांनी एका करारावर सह्या केल्या आणि आल्प, जंगल व पडीक जमीन यांच्या वापरावर नीट नियंत्रण ठेवण्यासाठी एक संघ स्थापन केला. 1507 च्या एका दस्तात सामाईक जमिनींच्या हद्दी नोंदवलेल्या आहेत. आणि मग 1517 चा वैरणीचा नियम. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सामाईक व्यवस्था म्हटली की आपल्या मनात परंपरेने, न बोलता, आपोआप चालत आलेले काहीतरी येते. इथे तसे नाही. इथे माणसे एकत्र बसली, त्यांनी मत दिले, लिहून काढले, सह्या केल्या.

नियमाची गंमत त्याच्या मोजमापात आहे. कुरण किती गायी पेलू शकेल हे ठरवणे कठीण असते. त्यावर आजचे कृषितज्ज्ञही वाद घालतील. टोर्बेलने तो प्रश्नच बाजूला ठेवला. त्यांनी मोजायला सोपी गोष्ट निवडली: तुझ्या गंजीत किती वैरण आहे? गवत जास्त मिळवायचे तर गवताचे रान हवे, त्याला पाणी हवे, शेण हवे, कापायला आणि वाहायला माणसे हवीत. एका रात्रीत कोणाची वैरण दुप्पट होत नाही, आणि पाचशे माणसांच्या गावात कोणाच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गायी होत्या हे लपत नाही. वसंतात खालच्या सपाटीवरून गायी विकत आणायच्या, उन्हाळाभर गावच्या कुरणावर चारायच्या आणि शरदात विकून टाकायच्या, हा हुशार माणसाला सहज सुचणारा धंदा या एका अटीने बंद झाला.

मात्र हा नियम समतेचा नव्हता, हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्याच्याकडे गवताची राने जास्त, त्याच्या गायी जास्त. ज्याच्या गायी जास्त, त्याला सामाईक कुरणाचा लाभ जास्त. सामाईक हक्क खाजगी मालकीच्या प्रमाणात होता. ऑस्ट्रॉम यांचे पुस्तक वाचून भारावलेल्यांनी टोर्बेलची जी चित्रे रंगवली आहेत, त्यांत हा तपशील सहसा दिसत नाही.

खाजगी आणि सामाईक यांची ही विभागणी तिथे डोंगराच्या उंचीनुसार उलगडते. सर्वांत खाली, दरीकडे, द्राक्षमळे. त्यावर गावाभोवती धान्याची शेते, भाजीचे वाफे, फळझाडे आणि पाण्याखालची गवताची राने. हे सारे ज्याचे त्याचे. त्यावर जंगल आणि त्याहून वर आल्प. हे गावाचे. वाटा, पाण्याचे पाट आणि पडीक रानही गावाचे किंवा वाटेकऱ्यांच्या गटाचे. असे का, याचे नेटिंग यांचे उत्तर व्यवहारी आहे. जिथे कष्ट घातले की उत्पन्न वाढते, जिथे लहान तुकड्यातही दरवर्षी भरवशाचे पीक येते, ती जमीन खाजगी झाली. जिथे एकरी उत्पन्न थोडे, बेभरवशाचे, कुंपण घालून वाटण्या करणे परवडत नाही आणि ज्याला वाट, झोपडी, बांध यांसाठी पुष्कळ हात लागतात, ती सामाईक राहिली. एकाच शेतकऱ्याकडे दोन्ही प्रकार होते आणि त्याला त्यात काही विसंगती दिसत नव्हती. सामाईक विरुद्ध खाजगी हे द्वंद्व विद्वानांनी नंतर उभे केले.

गवताची राने आपण समजतो तशी पावसावर पिकत नाहीत. व्हिस्प-स्टाल्डनचा हा पट्टा स्वित्झर्लंडमधला सर्वांत कोरडा आहे. दोन्ही बाजूंच्या उंच रांगा ढग अडवतात आणि खालच्या दरीत वर्षाला जेमतेम 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे माणदेशाशी नाते सांगावे असा. पाणी आहे, पण ते वर, हिमनद्यांत आणि बर्फात. ते आणायचे तर कड्याच्या पोटातून, कुठे खडक फोडून, कुठे लाकडी पन्हळी टांगून मैलोन्मैल पाट काढावे लागतात. वालिसमधल्या जर्मन बोलीत त्यांना ‘सुओनेन’ म्हणतात. दरवर्षी वसंतात सगळ्या वाटेकऱ्यांनी मिळून पाट साफ करायचा, हिमलोटाने मोडलेला भाग बांधायचा आणि मग पाळीने पाणी घ्यायचे.

या पाळीची नोंद ठेवण्याची वालिसमधली जुनी पद्धत मला फार आवडते. प्रत्येक घराण्याची एक खूण असे: दोन-तीन रेघा, एखादा कोन, एखादे टिंब. ती खूण लाकडाच्या छोट्या पट्टीवर कोरत आणि तिच्यावरच खाचा पाडून त्या घराचा पाण्याचा हक्क किती हे दाखवत. या पट्ट्यांना ‘तेसलेन’ म्हणतात. पाण्याच्या वेगळ्या, आल्पवरच्या हक्काच्या वेगळ्या, गावकामाची पाळी कोणाची हे सांगणाऱ्या वेगळ्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आपला हक्क हातात धरता येई. आपल्याकडे सात-बाराचा उतारा हातात घेऊन त्यातले काय आपले, हे विचारत फिरणारा शेतकरी आठवला की या पट्ट्यांचे मोल कळते.

जूनच्या सुमारास गायी वर जातात. सगळ्यांच्या गायी एकाच वेळी जायच्या, हा दंडक. त्यामागे सणाचा उत्साह आहे तसा हिशेबही आहे: एकाच वेळी गेल्या की लगेच मोजता येतात. वालिसच्या एरिंगर जातीच्या गायी काळ्या, बुटक्या, मजबूत आणि भांडखोर. निरनिराळ्या गोठ्यांतल्या गायी एकत्र आल्या की त्या शिंगाला शिंग भिडवून आपापली पायरी ठरवून घेतात आणि जी सर्वांना हटवते ती त्या उन्हाळ्याची राणी. आता या झुंजी मैदानात तिकिटे लावून होतात. मूळ प्रसंग मात्र कुरणावरचा आहे.

वर गावकरी राहत नाहीत. संघाने नेमलेले थोडे गुराखी आणि चीज करणारा माणूस तिथे राहतो. सगळ्यांचे दूध एकाच कढईत जाते. दूध खाली आणणे शक्य नव्हते, चीज मात्र टिकते. म्हणून डोंगराचे उन्हाळी गवत हिवाळ्यात माणसाच्या ताटात पोचवण्याचा चीज हाच मार्ग होता. हंगाम संपल्यावर ज्याच्या जितक्या गायी त्या हिशेबाने त्याला चीज मिळे. वरच्या वाटा दुरुस्त करणे, कोसळलेल्या झोपड्या आणि कोंडवाडे उभे करणे, कुरणावर शेण पसरणे ही कामेही गायींच्या संख्येच्या प्रमाणात अंगावर पडत. सूत्र एकच होते: जेवढा लाभ, तेवढा घाम.

नियम मोडणाऱ्याला दंड करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘गेवाल्टहाबर’ म्हणत. ज्याच्या हाती सत्ता, तो. वसूल केलेल्या दंडाचा निम्मा भाग त्याला स्वतःला ठेवता येई. वाचताना आपल्याला पहिला संशय येतो तो भ्रष्टाचाराचा. पण दंड कोणत्या गुन्ह्याला किती हे गावाने ठरवलेले, गायींची संख्या सर्वांसमोर मोजलेली, आणि हा अधिकारी त्यांच्यातलाच, निवडून दिलेला. मग त्याच्या हातात लबाडीला फारशी जागा उरत नाही, उरते ती डोळे उघडे ठेवण्याची प्रेरणा. शेजाऱ्याशी वाईटपणा घेण्याची किंमत त्याला मिळायला हवी, हे त्या शेतकऱ्यांना उमगले होते. फुकट पहारा फार दिवस टिकत नाही.

जंगलाची व्यवस्था याहून साधी. तोडायची झाडे गावचा अधिकारी खुणा करून देई, घरांचे गट करत, चिठ्ठ्या टाकून कोणत्या गटाला कोणती झाडे ते ठरे आणि मगच कुऱ्हाड जंगलात जाई. उतारावरचे जंगल हेच हिमलोटाविरुद्धचे गावाचे संरक्षण होते, त्यामुळे इथे चूक करायची सोय नव्हती.

आता घरात डोकावू. वारसा मुलगे आणि मुली दोघांनाही सारखा. त्यामुळे जमिनीचे तुकडे पडत. बाप वारला की त्याची गवताची राने, शेते, धान्यकोठ्या, गोठे यांत मुलांचे वाटे पडत आणि प्रत्येकाच्या लग्नाबरोबर नवऱ्याचे आणि बायकोचे तुकडे पुन्हा जुळत. घरेसुद्धा मजल्यामजल्याने वेगळ्या मालकांची असत. आपल्या शेतीतज्ज्ञांनी हे पाहिले तर कपाळाला हात लावतील. पण विखुरलेल्या तुकड्यांचा डोंगरात फायदाही होता. खालचे गवत आधी तयार होते, वरचे नंतर. म्हणून कापणी एकदम अंगावर येत नाही, त्याच चार हातांना आठवडे पुरते. एका रानावर दरड आली तरी दुसरे वाचते. प्रत्येक रानाजवळ छोटा गोठा असे. वैरण गावात वाहून आणण्याऐवजी हिवाळ्यात गायीच या गोठ्यातून त्या गोठ्यात नेत. त्या वैरण तिथेच खात आणि त्यांचे शेण तिथेच त्या रानाला मिळे. वजन पाठीवरून न्यायचे असेल तर जे स्वतःच्या पायांनी चालते त्याला चालू द्यावे, हा डोंगरी शहाणपणा.

धान्य म्हणजे मुख्यतः राय. धान्यकोठ्या लाकडी खांबांवर उभ्या आणि खांब व कोठी यांच्यामध्ये मोठ्या गोल दगडी चकत्या, म्हणजे उंदराला वर चढताच येऊ नये. पाव रोज भाजत नसत. सामाईक भट्टी वर्षातून मोजक्या वेळा पेटे, घराघराची पाळी लागे आणि तो पाव महिनोन्महिने पुरवत. मग तो इतका कडक होई, की कापायला फळीला जोडलेली सुरी लागे.

इथपर्यंत वाचून कोणाला टोर्बेलला जाऊन राहावेसे वाटले असेल, तर त्याच 1483 च्या करारातली दुसरी बाजू ऐकावी. बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली तरी त्याला आल्पवर, पडीक रानावर किंवा जंगलावर कोणताही हक्क मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे. जमिनीची मालकी वेगळी आणि गावकीचे सभासदत्व वेगळे. नव्या माणसाला आत घ्यायचे की नाही, हे आधीपासून असलेल्यांच्या मर्जीवर. कुरण वाचले त्यात गायी मोजण्याचा जेवढा वाटा आहे, तेवढाच माणसे मोजण्याचा आहे.

आतल्या माणसांचीही मोजदाद होती. नेटिंग यांनी चर्चच्या वह्यांवरून पिढ्यान्‌पिढ्यांची कुटुंबे जुळवली तेव्हा दिसले, की माणसे उशिरा लग्न करत, पुष्कळजण लग्नच करत नसत, मुलांमध्ये अंतर मोठे असे आणि काहीजण गाव सोडून जात. असा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. वाट्याला वैरण पुरेशी येत नाही तोवर संसार मांडता येत नाही, हे सर्वांना ठाऊक होते, एवढेच. गायींना लावलेली मोजपट्टी माणसांनाही लागली. लग्नाविना राहिलेला काका, बहिणीच्या घरात राबलेली मावशी यांचे आयुष्य हा त्या समतोलाचा दुसरा भाग आहे. कुरणाच्या यशाच्या गोष्टी सांगणाऱ्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला सहसा एखादेच वाक्य येते.

आणि ज्या मतदानाने नियम होत, ते पुरुषांचे. मुलीला जमिनीचा सारखा वाटा मिळे, मताचा नाही. मोसआल्पच्या पलीकडच्या उतारावर उंटरबेख नावाचे गाव आहे. तिथे मार्च 1957 मध्ये स्त्रियांनी एका राष्ट्रीय मतदानात मतपेटीत मते टाकली; स्वित्झर्लंडमध्ये ते पहिल्यांदाच घडत होते. त्या मतांची गणना झाली नाही. देशपातळीवर स्त्रियांना मताधिकार मिळाला तो 7 फेब्रुवारी 1971 च्या सार्वमतात. नेटिंग टोर्बेलमध्ये काम करत होते तेच हे दिवस.

18 व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गावाची लोकसंख्या फारशी हलत नाही. मग ती वाढू लागते, आणि नेटिंग यांनी त्याचे श्रेय बऱ्याच अंशी बटाट्याला दिले. रायीपेक्षा कमी जमिनीत जास्त पोटे भरणारे हे पीक आले आणि जुना समतोल हलला. तरी कुरण उजाड झाले नाही. माणसे वाढली पण गायी वैरणीशीच बांधलेल्या राहिल्या. नियमाची खरी परीक्षा झाली ती तेव्हा, असे मला वाटते.

या ठिकाणी आपल्याकडचा विषय टाळता येत नाही, कारण ऑस्ट्रॉम यांचे नाव आता आपल्याकडच्या गायरान आणि सामूहिक वनहक्कांच्या चर्चेत सर्रास घेतले जाते; 2011 च्या जानेवारीत हैदराबादला सामाईक संपत्तीच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हा त्या स्वतः तिथे आल्या होत्या. साम्ये दाखवता येतात. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटकरी पाळीने देतो आणि पाटाची साफसफाई लाभधारक करतात. टोर्बेलच्या शेतकऱ्याला ती व्यवस्था समजावून सांगायला पाच मिनिटे लागणार नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हाही हीच भाषा बोलली गेली. पण टोर्बेलची पहिली अट, सभासद कोण हे पक्के ठरवा, ही मराठी गावात आणताना हात थरथरायला हवा. आपल्या गावात ‘गावकरी कोण’ याचे उत्तर जातीने देऊन ठेवलेले होते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत पडीक आणि सरकारी जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करा ही मागणी होती. गायरान वाचवा म्हणणाऱ्याला ते अतिक्रमण दिसते. कसणाऱ्याला ती गावाने कधी न दिलेल्या हिश्शाची वसुली वाटते. टोर्बेलमध्ये बाहेरचा म्हणजे दुसऱ्या गावचा. आपल्याकडे बाहेरचा वेशीपलीकडे पण त्याच गावात राहत आला आहे. ऑस्ट्रॉम यांची तत्त्वे भिंतीवर लावण्यापूर्वी हा फरक नीट सांगणारे मराठी लेखन मला हवे तसे सापडलेले नाही.

टोर्बेलकडे परत जाऊ. 1891 साली झेरमाटपर्यंत रेल्वे झाली. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला व्हिस्पला लोंझा कंपनीचा रासायनिक कारखाना आला. घरातला पुरुष पाळीवर कारखान्यात जाऊ लागला आणि गायी, गवत, बटाटे हे बायकांच्या, म्हाताऱ्यांच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या वाट्याला आले. गाव ओस पडले नाही, कारण कारखाना इतका जवळ होता की संध्याकाळी घरी येता येत होते. पण वैरणीचे महत्त्व गेले. हिवाळ्याचे धान्य पगारातून येऊ लागले. रायीची शेते गवताखाली गेली, कोठ्या रिकाम्या झाल्या. काहींत आता सुट्टीला येणारी मंडळी राहतात. लाकडी पट्ट्या संग्रहालयांच्या काचेआड गेल्या.

मग नवाच प्रश्न उभा राहिला, ज्याचा 1517 च्या शेतकऱ्यांना विचारही शिवला नसता. वर जायला गायीच पुरेशा नाहीत. न चरलेल्या कुरणावर झुडपे येतात, मग लार्चची रोपे, मग जंगल. स्वित्झर्लंडभर अशी कुरणे दरवर्षी झाडीखाली जात आहेत. जंगल वाढले तर वाईट काय, असे कोणी विचारेल. पण या कुरणांवर शेकडो वर्षांच्या चराईने जी फुले, कीटक, गवते टिकली आहेत, ती झाडीच्या सावलीत टिकत नाहीत. आणि न चरलेले उंच गवत हिवाळ्यात आडवे पडते तेव्हा त्याच्यावरून बर्फ सहज घसरते. युनेस्कोने 2023 साली पाटपाण्याच्या पारंपरिक पद्धतीला सात युरोपीय देशांच्या नावे आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या आल्प-हंगामाला आपल्या वारशाच्या यादीत घेतले.

स्विस सरकार आता उन्हाळी चराईसाठी अनुदान देते. प्रत्येक आल्पसाठी जनावरांची योग्य संख्या ठरवलेली असते. तिच्याहून फार जास्त जनावरे चढवली तर अनुदान कापले जाते, आणि फार कमी चढवली तरीही.